एक जूनला जन्मलेली माणसं

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि या घरातून बाहेर गेलेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे माझा आठवीतला रजेचा अर्ज. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होतो, पुढे कन्नड, आणि आता इंजिनिअरिंग इंग्रजीत. त्यामुळे याला तीन भाषा येतात असं लोक म्हणतात, आणि तिन्हींत मी अडखळतो हे माझं मला माहीत आहे. तरी लिहितो आहे, कारण आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तम्मा, चूक केलीस ती केलीस. आता नीट लिहून ठेव. पुढे कुणी असलं काही करायला बसला तर आधी वाचेल." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. रागावलेल्या असतानाही त्या मला तम्माच म्हणत होत्या, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

आमच्या शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट करावा लागतो. बहुतेक पोरं कॉलेजच्या लॅबमध्ये बसून करतात. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी ठरवलं की आपण खरोखर उपयोगाचं काहीतरी करू. आमच्या गावच्या केंद्रात कोण पेशंट कधी आला, कुणाला कुठली गोळी चालू आहे, कुणाची तपासणी राहिली, हे सगळं एका लांब वहीत असतं. ते मोबाईलवर आणायचं, आणि ज्याची तारीख आली त्याला आपोआप मेसेज पाठवायचा. मॅडम तयार झाल्या, पण दोन अटी घातल्या. एक, पेशंटची माहिती कुणाच्याही नजरेला पडायची नाही. दोन, मी सांगेपर्यंत वही बंद करायची नाही. या दोन अटी मी आमच्या कामाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिल्या होत्या. तेही इथेच सांगून टाकतो.

कामाला जागा हवी होती. घराला लागून एक खोली आहे, तिथे आम्ही थंडीत कोकरं बांधायचो. पूर्वी आमच्याकडे शंभरावर मेंढरं होती. आता चारच आहेत, आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. तुरीची, सोयाबीनची मळणी चालू झाली की ते मळणी यंत्रावर असतात. त्या वर्षी मळणी संपली तरी अप्पांचा खोकला काही संपला नव्हता. मी विचारलं की म्हणायचे, "धुळीचा हाय, जातो." तीन आठवडे ते असंच म्हणत होते.

खोली झाडून झाली. जुना दरवाजा दोन लोखंडी पिंपांवर आडवा टाकून टेबल केलं. माझा मित्र शेजारच्या खजुरी गावचा, त्यांच्या घरी शेती आणि आडत दोन्ही, त्यामुळे तो इस्त्रीच्या शर्टात आला. येताना जुना कॉम्प्युटर बसमधून मांडीवर घेऊन आला होता, आणि अख्खा रस्ता शेजारची म्हातारी त्याला "टीव्ही लाव की बाबा" म्हणत होती. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि एक इन्व्हर्टर जोडून विजेची सोय केली. राहिली रेंज. खोलीत रेंज एकाच ठिकाणी यायची, आढ्याखाली, जिथे पूर्वी दुधाचं शिंकं टांगलेलं असायचं. मग आईने ते शिंकं परत काढलं, त्यात मोबाईल ठेवला आणि तिथून आमचं इंटरनेट चालू झालं. आमचं गाव कर्नाटकात, पण अगदी सीमेवर; वारा आला की शिंकं हलायचं आणि फोन महाराष्ट्राचा टॉवर धरायचा. परत हललं की कर्नाटकाचा. मित्र स्क्रीनवर डोळे ठेवून ओरडायचा, "मावशी, जरा कर्नाटकात ढकला!" आणि आई काठीने शिंकं सारायची.

खोली झाली, पण पहिल्या अटीचं काय करायचं? आमच्या गावात दार बंद असणं म्हणजे आत कुणीतरी आजारी असणं किंवा भांडण चालू असणं. मी दारावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पाटी लावली: "आत येऊ नये. रुग्णांची माहिती गुप्त आहे. कुणाचा आजार कुणालाही सांगितला जाणार नाही." पाटी वाचायला गर्दी झाली. मला वाटलं, आता लोकांना महत्त्व कळेल. एक काकू दाराबाहेरूनच म्हणाल्या, "गुपित कामून ठेवायलास रे? मला इचार. तुज्या थोरल्या मामीला साखर हाय, पलीकडच्या गल्लीत तिघांना बीपी हाय, आन मास्तरीणबाईच्या गुडघ्याचं तर अख्ख्या तालुक्याला ठावं हाय."

शेवटी अप्पांनीच घोंगडी दारात टाकली आणि काठी घेऊन बसले. कुणी आत डोकावलं की काठी आडवी करायचे आणि खोकायचे. खोकल्याचा उपयोग काठीपेक्षा जास्त व्हायचा.

आमच्या कामातली एक गोष्ट अप्पांना माझ्या मित्राआधी कळली, हे सांगितलं पाहिजे. सॉफ्टवेअर करताना दोन जागा वेगळ्या ठेवाव्या लागतात, एक सरावाची आणि एक खरी. सरावाच्या जागी खोटी माणसं, खोटे आजार घालून बघायचं. सगळं नीट चाललं तरच खऱ्या जागी न्यायचं. मित्र म्हणत होता, एवढी दोन-दोन कशाला, एकच पुरे. अप्पा दारातून म्हणाले, "न्हाई न्हाई. बाजारातनं नवी मेंढी आणली की आठ दिस वायली बांधावी लागती. एकदम कळपात घातली की रोग समद्यांला." मित्राने दोन जागा केल्या. मी तेव्हा अभिमानाने मान हलवली होती. पुढे नियम मोडला तो मीच.

मी लिहिलेल्या एका भागाचा मला फार गर्व होता. कॉलेजात शिकवलेलं होतं की एकच माणूस यादीत दोनदा येता कामा नये. मी नियम केला: नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर, तिन्ही जुळले तर तो एकच माणूस. मग सगळी माहिती एकत्र करायची, आणि एकाच तपासणीच्या दोन नोंदी असतील तर नवीन तेवढी ठेवायची. सरावाच्या जागी मी चाळीस खोटी माणसं घातली. नावं मीच शोधून काढली होती, एकासारखं दुसरं नाही. नियम अगदी घड्याळासारखा चालला.

केंद्रातर्फे गावात घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला आम्ही अक्का म्हणतो. नोंदी तीच करते. मी तिला मोबाईलवर सगळं शिकवलं. ती पटकन शिकली. मग एका सोमवारी, मॅडम तालुक्याला मीटिंगला गेलेल्या असताना, मी तिला म्हणालो, "अक्का, आता वही बंद. आठवडाभर नुसत्या मोबाईलवर करून बघ."

ती म्हणाली, "मॅडमला इचारलास?"

मी म्हणालो, "सगळं टेस्ट केलंय अक्का." मी काही खोटं बोललो नाही, पण तिने विचारलं ते हे नव्हतं.

त्याच आठवड्यात अक्काने अप्पांना दारातच पकडलं. "तीन हप्ते झाले न्हवं खोकून? चला, थुंकी द्या तपासायला." थुंकीची तपासणी म्हणजे टीबीची. अप्पा नको नको म्हणत होते, पण माझ्याकडे बघून गेले. मुलाचंच सॉफ्टवेअर असल्यावर बापाने नको म्हणणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं असावं. नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेला. त्याला दिलेला नंबर अक्काने आमच्या मोबाईलवर नोंदवला. वही बंदच होती.

शुक्रवारी सकाळी गिरणीवाले चाचा आले. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, हातात फोन. अप्पांनी काठी आडवी केली तरी थांबले नाहीत.

"क्या जी इंजिनेर! मेरे कू पाँचवाँ महीना लगा बोलके मेसेज आया! लोहे की गोलियाँ खाओ बोल रहा तेरा कॉम्प्युटर. घर में क्या मूँ दिखाऊँ?"

मी फोन घेऊन बघितला. मेसेज आमचाच होता. त्याखाली आणखी होते. आपल्या मोतीबिंदूची तारीख बुधवारी आहे. आपली साखर वाढलेली आहे. आपल्या पायाची पट्टी बदलायची आहे.

"और सुनो," चाचा म्हणाले, "साखर भी मेरी, टांग भी मेरी. एक आदमी कू कितना बीमार करते जी तुम लोगां?"

माझा मित्र टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. त्याचे खांदे हलत होते.

मी नोंद उघडली. स्क्रीनवर एक पेशंट होता. पुरुष, वय पंचावन्न, पाच महिन्यांचा गर्भ, मोतीबिंदू, साखर, पायाला जखम. पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग नाव वाचलं. ते माझ्या वडिलांचं नाव होतं.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना हे कसं झालं ते सांगतो. आमच्या गावात पहिल्या मुलाला ग्रामदैवताचं नाव ठेवतात. आडनाव तर भावकीत एकच. केंद्राच्या नोंदीत नाव आणि आडनाव एवढंच असतं. अप्पांच्या लहानपणी पोरं शाळेत जात नव्हती, तेव्हा एक मास्तर स्वतः रानात फिरून पोरं गोळा करायचे. एका वर्षी त्यांनी मेंढरांमागून अकरा पोरं धरून नेली. जन्म कधीचा हे कुणालाच सांगता येईना. मास्तरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, उंची बघितली, आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहिली, साल एकच. आजही गावात एक जूनला कुणाला शुभेच्छा द्यायच्या म्हटलं तर सकाळपासून निघावं लागेल. माझीही तारीख एक जूनच आहे. त्या अकरांत एकाच नावाचे पाच होते. त्या पाचांपैकी कुणी फोन वापरत नाही. गिरणीवर रेंज चांगली येते आणि चाचा निरोप पोचवतात, म्हणून पाचांनी नंबर दिला तो चाचांचा. एकाच्या सुनेची तपासणी घराच्या कार्डावर, म्हणजे सासऱ्याच्या नावावर लिहिलेली होती. तोच तो पाचवा महिना.

नाव एक, तारीख एक, फोन एक. माझ्या नियमाने पाच माणसांचा एक माणूस केला होता. खोटी चाळीस माणसं घालताना मी वेगवेगळ्या तारखा लिहिल्या होत्या. आमच्या गावातली खरी माणसं कशी असतात हे मला माहीत असूनही सुचलं नव्हतं.

"पाच मानसं एका दावणीला बांधलास व्हय?" अप्पा दारातून म्हणाले आणि हसता हसता खोकले.

तेवढ्यात मित्र हसायचा थांबला. त्याने स्क्रीनवर खाली बोट ठेवलं. शेवटची ओळ सकाळीच प्रयोगशाळेकडून आलेली होती. थुंकी तपासणी: टीबीचे जंतू आढळले.

मी अप्पांकडे बघितलं नाही. धावत केंद्रावर गेलो.

मॅडमनी प्रयोगशाळेला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं, या नावाचे दोन नमुने आले होते, तारीखही एकच. एकात जंतू आहेत, एकात नाहीत. नंबर दोन्ही आहेत, पण कुठला नंबर कुणाचा ते तुमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते फक्त शेवटची नोंद ठेवत होतं.

"वही आण," मॅडम अक्काला म्हणाल्या.

अक्का उभी राहिली. "वही मीच बंद केले मॅडम."

हे ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हणालो, "मॅडम, मी सांगितलं होतं. अक्काने विचारलं होतं, मीच तुम्हाला विचारलं नाही."

मॅडमनी पेन उघडून समोर कागद ओढला. मग म्हणाल्या, "दुसरा नमुना कुणाचा?"

अक्का म्हणाली, "तळ्याकडच्या अप्पांचा."

तळ्याकडचे अप्पा म्हणजे त्या अकरा पोरांतले एक. ते आणि माझे वडील एकाच दिवशी शाळेत गेले आणि एकाच आठवड्यात पळाले. पण मला आठवतं तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. कारण एक कोकरू. दोघांचे कळप एकदा एकत्र झाले, आणि एक कोकरू कुणाचं यावरून जुंपली. त्याची आई असलेली मेंढी आदल्या दिवशीच बाजारात विकली गेलेली, त्यामुळे निवाडा झाला नाही. कोकराचं नंतर काय झालं ते दोघांनाही आठवत नाही, पण अप्पा त्या गल्लीने जात नाहीत.

"दोघांचे नमुने परत घ्यायचे," मॅडम म्हणाल्या. "या वेळी दोघांत फरक करणारं काहीतरी लिहा. काय लिहिणार तम्मा? सांग."

मी आधार कार्ड म्हणालो, तर अक्का म्हणाली गावातल्या अर्ध्या लोकांचं कार्ड घरी सापडत नाही. अंगठ्याचं यंत्र म्हणालो, तर अक्काने नुसतं माझ्याकडे बघितलं. ऊसतोड करणाऱ्यांच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत, हे तिने मला महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं.

घरी आलो तेव्हा अप्पा दारातच घोंगडीवर होते. मी सगळं सांगितलं. कुणाला तरी टीबी आहे आणि तो कुणाला ते माझ्यामुळे कळत नाही, एवढं म्हणून मी खाली बसलो. ते चिडले नाहीत. काठीने मातीत रेघा ओढत म्हणाले,

"मेंढरं शंभर हुती आपली. समदी काळी. समद्यांची कोकरं काळी. कुणाचं कुठलं कसं वळकायचं?"

मी म्हणालो, "कानाला खूण करून."

"ती मोठी झाल्यावर. लहान असताना काय करायचं? सोडून द्यायचं. जिच्याखाली जाऊन पितंय ती त्याची आय." मग त्यांनी खोलीतल्या स्क्रीनकडे काठी केली. "तुज्या त्या पेटीत बापाचं आडनाव हाय, फोन हाय, तारीख हाय. मानसाला आय न्हाई व्हय?"

माझ्या मित्राने नवीन रकाना करायला घेतला. आईचं नाव.

पहिली नोंद अप्पांची करायची ठरली. मी विचारलं, "अप्पा, तुमच्या आईचं नाव काय?" विचारल्यावर लक्षात आलं की मलाच ते माहीत नव्हतं. आमच्या घरात तिला सगळे 'म्हातारी' म्हणायचे, आणि ती मी जन्मायच्या आधीच गेली. एवढ्या कागदांवर अप्पांनी अंगठे आणि सह्या केल्या होत्या, पण हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मग त्यांनी नाव सांगितलं, अगदी हळू. मित्राने ते टाईप केलं.

"वाच बरं," अप्पा म्हणाले.

मित्राने वाचलं.

"आन एकदा."

त्याने परत वाचलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या ओट्यावर दोघे अप्पा दोन टोकांना बसले होते. एकाच नावाची हाक मारली की दोघे उठायचे आणि एकमेकांकडे न बघता दोघे बसायचे. तिसऱ्यांदा असं झाल्यावर अक्का वैतागली आणि तिने आयांच्या नावाने हाक मारली: अमकीचा ल्योक! तेव्हा तळ्याकडचे अप्पा उठले. जाताना समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तुज्या पोरानं मला पोटुशी केलं म्हनं."

अप्पाही भिंतीलाच म्हणाले, "तुज्या सुनेचं हाय ते. गोळ्या देत जा तिला येळेवर."

एवढंच. पण मित्र म्हणाला, सुरुवात वाईट नाही.

पुढचे चार दिवस मी वहीच्या सगळ्या नोंदी अक्काबरोबर बसून, घरोघर विचारून परत लिहिल्या. पाचांचे पाच वेगळे केले. चाचांना पाचही जणांनी एकेकदा चिडवून घेतलं. खोलीत काम चालू होतं, शिंकं हलत होतं, पण माझा हात कीबोर्डवर असला तरी कान दाराकडे होता. अप्पांचा खोकला मोजायची मला सवय लागली. कमी झाला असं वाटायचं, मग वाटायचं की ते मला ऐकू येऊ नये म्हणून मागे जाऊन खोकतात. आणि रोज माझ्या मनात येत होतं की टीबी अप्पांना नसो, आणि त्याचा अर्थ तो दुसऱ्याला असो असा होतो, हेही लगेच कळत होतं. हे लिहावं की नाही असं वाटलं. पण मॅडमनी नीट लिही म्हटलं आहे.

पाचव्या दिवशी अक्का आली. एका हातात कागद, दुसऱ्या काखेत ती जुनी लांब वही. दारात थांबली. आधी नाव वाचलं. मग एक जून. मग, मोठ्याने, आजीचं नाव.

"न्हाई अप्पा. काई न्हाई. जंतू न्हाईत. मॅडम बोलल्या धुळीचाच खोकला हाय, औषध घिऊन जावा."

आई आत होती, तिने शिंकं धरून ठेवलं होतं, ते सोडलं. मी काहीतरी बोलायला गेलो आणि तिन्ही भाषांतलं काहीच आलं नाही.

अप्पा म्हणाले, "मग त्याला हाय?"

अक्काने मान वर करून दारावरची पाटी बघितली. "ते मला सांगता येत न्हाई. पाटी लावलाय न्हवं तुमच्या पोरानं."

अप्पांनी पण पाटीकडे बघितलं. त्यांना वाचता येतं ते जेमतेम, तरी बराच वेळ बघत राहिले. मग उठले, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली, आईकडून तांब्याभर दूध मागून घेतलं, आणि तळ्याकडच्या गल्लीने चालू लागले.